पाटावरची माती

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात एक खड्डा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पुण्यात खड्ड्याचा अभिमान बाळगणारी मी बहुधा एकटीच असेन. आमच्या शहरात खड्डा दिसला की आधी चार शिव्या घालायच्या आणि मग गाडी बाजूने काढायची, अशी पद्धत आहे. पण हा खड्डा आम्ही स्वतः खणलेला. त्यात कर्दळ फुलते, वाळ्याचा वास येतो, आणि त्याच्याच जिवावर मी आज धायरीत, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. नाहीतर हडपसरला लेकीच्या अकराव्या मजल्यावर बसून लिहावं लागलं असतं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. जागा घेतली तेव्हा वरचे मजले आधीच गेलेले होते आणि तळमजला पदरात पडला म्हणून मी बरेच दिवस धुसफुसत होते. इमारतीला लिफ्ट नाही. पुढे नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालणं आलं, बोलणं अडखळू लागलं, आणि ज्या तळमजल्याला मी नावं ठेवत होते तोच उपयोगी पडला. मागची गॅलरी अंगणापेक्षा दोनच पायऱ्या उंच. अंगणाला कमरेइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे गल्ली. नवरा सकाळी चहा झाला की गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, तो जेवायच्या वेळेपर्यंत. भाजीवाली तिथे थांबून त्याला भाव सांगते, निवृत्त मंडळी फेरफटका अर्धवट सोडून भिंतीवर कोपरं टेकतात. त्याला एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो, पण गल्लीतल्या माणसांना कुठे घाई असते. दवाखान्यातल्या व्यायामाने झाला नसेल इतका फायदा त्याला या भिंतीने झाला, असं माझं मत आहे.

आणि मग त्या गॅलरीतूनच पाणी घरात आलं.

आमच्यासमोरचा रस्ता दर काही वर्षांनी नवा होतो, म्हणजे जुना तसाच ठेवून त्याच्यावर दुसरा चढतो. रस्ता असा चढत गेला, आम्ही होतो तिथेच राहिलो, म्हणजेच खाली गेलो. वर टेकडीच्या उतारावर इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी जे पाणी गवतात, दगडधोंड्यांत अडखळत यायचं ते आता सिमेंटवरून सुसाट येऊ लागलं. आमचं अंगणही बिल्डरने कडेपासून कडेपर्यंत ब्लॉक बसवून कसं चकाचक केलेलं. परतीच्या पावसाचे दिवस होते. दुपारची वेळ, आभाळ फाटलं म्हणतात तसा पाऊस. फाटकातून पाणी आत शिरलं, बाजूच्या बोळातून मागे आलं, आणि सगळ्यांत खोल कोपरा आमचा असल्यामुळे आमच्याकडे मुक्कामाला थांबलं.

नवरा गॅलरीत खुर्चीवर होता. मागे पट्टा असलेल्या त्याच्या चपला खुर्चीजवळ असतात, कारण गुळगुळीत फरशीवर त्याला अनवाणी चालता येत नाही. मी कपाटातल्या खालच्या वस्तू पलंगावर फेकत होते. मागे वळून पाहिलं तर त्याच्या दोन्ही चपला पाण्यावर तरंगत दाराबाहेर निघाल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे शांतपणे बघत होता. "गेल्या," तो म्हणाला. मला इतकं रडू आलं की मी ते पावसाच्या आवाजात उरकून घेतलं. वरच्या लोकांनी त्याला खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेलं.

पहिल्या मजल्यावर भूगोलाच्या बाई राहतात. शाळेत भूगोल शिकवतात म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. त्यांचं मुसलमान कुटुंब पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. घरात उर्दू, बाहेर माझ्यापेक्षा शुद्ध मराठी. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, तरी बोलण्यात अशी तोलून-मापून की मी समोर असले की माझंही तोंड जरा आवरतं. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला कोरडे कपडे दिले, चहा दिला, आणि खिडकीत उभ्या राहून बराच वेळ खालचं पाणी पाहत राहिल्या. मला वाटलं, हळहळताहेत. त्या पाणी कुठून येतं आणि कुठे वळतं ते पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी लेक आली. भिंतीवरचा ओल्या रेषेचा पट्टा तिने पाहिला, बाबांचे अनवाणी पाय पाहिले. "आई, आता पुरे. आमच्याकडे लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे. चला." तिचं चुकत नव्हतं. पण अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीपुढून कोण जाणार? घारी? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो हट्ट करू शकत नाही, आणि करू शकत नाही म्हणूनच मला ते बघवलं नाही. मी लेकीला शब्द दिला की पुन्हा एकदा जरी घरात पाणी शिरलं तर आम्ही मुकाट्याने हडपसरला येऊ. त्यानंतर आभाळ भरून आलं की मी नवऱ्याच्या नव्या चपला उचलून स्टुलावर ठेवायची. मग त्याला उठायचं झालं की मला हाक मारावी लागायची.

उपाय सुचवायला पुण्यात माणसं कमी पडत नाहीत. एका कंत्राटदाराने सांगितलं, गॅलरीला गुडघाभर उंच उंबरा घाला. म्हणजे पाणी आत येणार नाही आणि माझा नवरा बाहेर जाणार नाही. दुसरा म्हणाला, सगळं अंगण अजून सहा इंच सिमेंटने उचला. म्हणजे आमच्याकडचं पाणी शेजारच्या सोसायटीकडे. तिसऱ्याने पंप सांगितला, आणि पावसात वीज जाते याची आठवण केल्यावर त्याने जनरेटर सांगितला.

बाई एका संध्याकाळी खाली आल्या. म्हणाल्या, "काकू, आपण सगळे पाण्याला हाकलायच्या गोष्टी करतोय. त्याला बसायला जागा दिली तर ते तुमच्या घरात कशाला येईल?"

मी म्हटलं, "बाई, वर्गात हे छान वाटतं."

"वर्गात मी हे शिकवतच नाही. अभ्यासक्रमात नाही," त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. मागच्या अंगणातले ब्लॉक काढायचे, तिथे लांबट, खोलगट बाग करायची. फाटकातलं आणि गच्चीवरचं पाणी चर काढून त्या बागेत सोडायचं. ते तिथे थोडा वेळ थांबेल आणि जमिनीत मुरेल. त्यांनी एका प्रशिक्षणात परदेशातल्या अशा बागांची चित्रं पाहिली होती, हिरवंगार मऊ गवत आणि जांभळी फुलं. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी ती दाखवली. मंडळींनी चहा बाईंच्याच घरचा प्यायला आणि मग बोलायला सुरुवात केली. "म्हणजे पाण्याला पार्किंग आणि आमच्या गाड्या रस्त्यावर, असं का?" "डासांचं वसतिगृह काढताय तर नियमावलीही करून टाका." बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं डासांचं बरोबर आहे. पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर बाग बुजवायची. मीच बुजवीन." मला त्यांचं हे फार आवडलं. विरोधकाच्या हातात स्वतःहून कुदळ देणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

निर्णय शेवटी चेअरमनचा. ही सगळी जमीन मुळात त्यांच्या घरची. वडिलांच्या वेळेस इथे ज्वारी-हरभरा होता. जमीन बिल्डरला देऊन बदल्यात चार फ्लॅट घेतलेले, गळ्यात जाड साखळी, मागच्या अंगणात उभी भली मोठी काळी जीप. सोसायटीचा गणपती त्यांच्या अंगात असतो. त्या दहा दिवसांत ते झोपतात की नाही कोण जाणे. मनाचा मोठा माणूस, पण जीपच्या बाबतीत हळवा.

सगळ्यांच्या मते बाग फाटकाजवळच्या निरुपयोगी कोपऱ्यात करावी. बाईंनी आधी तिथे हातभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहिलं. खाली कातळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच होतं, वर एक पान तरंगत होतं. बाईंनी चेअरमनना विचारलं, "तुमच्या लहानपणी पावसाचं पाणी इथून कसं जायचं?"

चेअरमन जरा घुटमळले. मग म्हणाले, "हितनं वढा व्हता की. बारीकच. आमी खेकडं धरायचो." आणि चालत चालत मागच्या अंगणात येऊन स्वतःच्या जीपपाशी थांबले. "ह्या हिच्याखालनं."

जीप काढली, ब्लॉक उचकटले, खणून पाणी ओतलं. खाली ओढ्याची जुनी वाळू आणि मुरूम. आम्ही चहा संपवेपर्यंत पाणी दिसेनासं झालं. चेअरमन खड्ड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वढ्याला अजून घर आठवतंय म्हनायचं." त्या दिवसापासून त्यांची जीप गल्लीत उभी राहते. तिच्यावर कावळे काय करतात हे ते रोज मोजक्या शब्दांत सांगतात, पण परत आत आणायचं नाव काढत नाहीत.

परदेशी चित्रंही बाईंनी बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या की तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवत नाही. बुडूनही मरणार नाही आणि वाळूनही मरणार नाही असं झाड पाहिजे. मऊ गवत दोन्हींत मेलं असतं. म्हणून वाळा आला, लव्हाळा आला, मोरीच्या पाण्यावर कुठेही वाढते ती कर्दळ आली, जिथे पाणी आत पडतं तिथे अळू. अळू ही माझी सूचना. वड्या होतात. खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि पालापाचोळा मिसळलेली थोडी माती. डासांवरून बोलणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे आणि "हे टिकणार नाही" असं म्हणत दगड रचून द्यायचे. त्यांच्याइतकं काम कोणी केलं नाही.

पावसाळा सुरू झाला तसं मी गॅलरीत नवऱ्याशेजारी दुसरी खुर्ची टाकली. जोराची सर आली की फाटकातून पाणी यायचं, चरातून वळायचं, बागेत उतरायचं. बाग भरायची, वाळ्याची पाती नुसती वर दिसायची, आणि पाऊस थांबल्यावर काही वेळाने दगड परत उघडे पडायचे. चांगल्या पाहुण्यासारखं पाणी यायचं, बसायचं आणि वेळेवर उठायचं. नवऱ्याला तो खेळच झाला. पाणी उतरलं की तो गल्लीतल्या माणसांना ओरडून सांगायचा, "मु… मुरलं." त्याचा आवाज इतका मोठा निघतो हे मी विसरूनच गेले होते.

मग गणपती आले, आणि आम्ही ती चूक केली जी फक्त आम्हीच करू शकतो.

आमच्या गल्लीत आता बहुतेक घरी शाडूची मूर्ती असते. विसर्जन घरीच बादलीत किंवा सोसायटीच्या मोठ्या टबात. मूर्ती विरघळली की खाली गाळ उरतो. तो गटारात ओतायचा नाही, कारण तो देव आहे. कुंड्यांत टाकतात, पण कुंड्या पुरत नाहीत. त्या वर्षी चेअरमनना सुचलं की आपल्याकडे बाग आहे, जुना ओढाच आहे, देवाला त्याच्या जागी पोचवू. त्यांनी शेजारच्या सोसायट्यांनाही निरोप दिला. विसर्जनाच्या दिवशी बागेच्या कडेने रांगोळी, ताशा, आरती. एकेक कुटुंब यायचं, चपला काढायचं आणि टबातलं दुधट पाणी सावकाश बागेत ओतायचं. डासवाले गृहस्थ डोळे मिटून हात जोडून उभे. बाई लहान मुलांना बादल्या धरून देत होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ज्या खड्ड्याला लोक वसतिगृह म्हणत होते, त्याच्यापुढे लोक चपला काढत होते. मला स्वतःला भरून आलं होतं.

शाडू किती बारीक असतो ते मूर्तिकाराला विचारा. तो वाळूच्या प्रत्येक फटीत जाऊन बसला आणि उन्हाने आवळला. पुढचा जोराचा पाऊस आला तेव्हा पाणी आलं, बसलं, आणि उठलंच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यावर आणखी एक सर आली, आणि बाग ओलांडून पाणी आमच्या खालच्या पायरीवर चढलं. मी चपला स्टुलावर ठेवल्या. लेकीला कुणीतरी फोटो पाठवला. तिचा फोन आला, "मी रविवारी येते. टेम्पो सांगून ठेवलाय. अजून मोठा पाऊस सांगितलाय, आई."

त्या संध्याकाळी बाई आल्या आणि दार लोटून घेऊन बसल्या. त्यांनी बागेतून काठीने काढलेली माती कागदावर आणली होती. बोटांवर घेतली तर लोण्यासारखी.

"काकू, हे वर आवरण बसलंय. एवढं काढलं तर खालचं सगळं ठीक आहे. पण हे चेअरमनना तुम्ही सांगा."

"मी का? बाग तुमची आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तर बागेबद्दल ऐकू येईल. मी सांगितलं तर दुसऱ्याच कशाबद्दल ऐकू येईल."

मला राग आला. बाईंवर नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात, माझ्या नवऱ्याला ओल्या कपड्यांनी ज्यांच्या घरी नेलं त्या बाईंना हे वाक्य मनात जुळवत बसावं लागलं, याचा राग आला. आणि त्या खरं बोलत होत्या याचा जास्त. मी तशीच उठून चेअरमनच्या घरी गेले.

चेअरमननी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, म्या लोकांस्नी बोलवून आनलं. ताशा लावला. आन् आता त्योच बाप्पा खोरं लावून उपसायचा? माज्या हातनं न्हाय व्हायचं."

"आणि पाणी आमच्या घरात आलं म्हणजे?"

"त्ये बी कळतंय," ते म्हणाले. मग विचारलं, "म्याडम काय म्हनत्यात?"

"त्या काहीच म्हणत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली वळवली.

घरी येऊन मी नवऱ्यापुढे तणतणत होते. देवाला असं, देवाला तसं, आणि माणसांनी जायचं हडपसरला. तो बराच वेळ काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला बोलू देत नव्हते. शेवटी त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. "पाट," तो म्हणाला.

"काय पाट?"

"पा… पाटावरची. आणतो ना. घरी."

विसर्जनाला जाताना मूर्ती पाटावरून नेतात. परत येताना पाट रिकामा आणायचा नाही. तिथली मूठभर माती त्याच पाटावर घालून घरी आणायची, तिची आरती करायची. माझ्या सासरी होतं, माहेरी होतं, चेअरमनच्या घरी तर आहेच. विसर्जन झालं की माती घरी आणायचीच असते. आम्ही ओतायच्या उत्साहात यंदा ती आणायला विसरलो होतो. "अहो, हे आधी नाही का सांगायचं," मी म्हटलं, आणि मला हसू आलं, कारण तो तेच तर मघापासून सांगत होता.

सकाळी मी पाट घेऊन चेअरमनच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बाप्पाची माती घरी आणायची राहिली आहे. यंदा जरा जास्त आहे, इतकंच."

त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्ये कुनाच्या डोक्यातनं आलं?"

"गॅलरीतल्या."

ते जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेले. मी वरून, जिन्यातून ऐकलं. "म्याडम, तुमी खाली या. किती खोल काढायचं त्ये तुमीच सांगायचं. आन् फुडच्या येळंला काय झालं तर सरळ माज्याकडं यायचं. वहिनींना धाडायचं न्हाय." बाईंचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण त्या खाली आल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला होता आणि म्हणत होत्या की जिन्यात धूळ फार आहे.

आदल्या दिवसापासून उघाड होती. चेअरमननी आधी बादल्यांनी पाणी उपसून घेतलं, मग चिखलात गुडघे टेकले, हाताने पहिली ओंजळ काढली आणि आपल्या पाटावर ठेवली. मग घराघरातून पाट आले. जुने शिसवी, नवे प्लायवूडचे, एक तर चांदीच्या फुलांचा. ज्यांनी आरती करून ओतलं होतं तीच माणसं ओंजळीने माती काढत होती आणि पाट डोक्यापर्यंत उचलून बाजूच्या ताडपत्रीवर रिकामे करत होती. बाईंकडे पाट कुठला असणार, त्या परात घेऊन आल्या. शेजारच्या सोसायटीचे लोकही आले, आपल्या वाटणीची न्यायला. डासवाले गृहस्थ म्हणाले, "हे टिकणार नाही," आणि पँट दुमडून आत उतरले. शाडूचा थर निघाल्यावर बाईंनी वरची वाळूही खरवडून घेतली, चेअरमननी नवी आणवली. मी वड्या तळल्या. अळू बागेतलंच.

ती माती आम्ही वाळवून, चाळून मूर्तिकाराला दिली. पुढच्या वर्षीचा सोसायटीचा गणपती तिचाच झाला, आणि आता दर वर्षी तिचाच होतो. विसर्जन टबात होतं, गाळ पाटांवरून पोत्यात जातो, आणि बागेत फक्त पाऊस पडतो. गल्लीतल्या इतर सोसायट्यांनीही आता आपापल्या जुन्या वाटा शोधून अशा बागा केल्या आहेत. त्यांना बाई काय लावायचं ते सांगतात आणि चेअरमन काय ओतायचं नाही ते सांगतात.

पण त्या रविवारी हे काहीच माहीत नव्हतं. लेक सकाळीच आली. सुटकेसा पलंगावर उघडून तिने बाबांचे कपडे घड्या घालायला घेतले. मी म्हटलं, "शब्द घरात पाणी शिरण्याचा होता. पायरीचा नव्हता." ती म्हणाली, "आई, वकिली करू नकोस." दुपारी टेकडीकडून काळोख आला आणि पाऊस असा सुरू झाला की समोरची भिंत दिसेना. तिने घड्या थांबवल्या. मी चपला स्टुलावर ठेवल्या आणि आम्ही तिघं गॅलरीत बसलो.

पाणी फाटकातून आलं, चरातून वळलं, बागेत पडलं. कर्दळीचे बुंधे बुडाले. वाळ्याची पाती बुडाली. पाणी खालच्या पायरीला लागलं आणि तिच्यावर चढलं. लेकीने माझा हात धरला. वरून चेअरमनचा आवाज आला, "म्याडम, बगताय न्हवं?" आणि बाईंचा, "बघतेय." दुसऱ्या पायरीच्या कडेशी पाणी आलं आणि तिथे थांबलं. पाऊस थांबला नव्हता, पाणी थांबलं होतं. जितकं वरून येत होतं तितकं खाली जात होतं. मी देवाचं नाव घेत होते की बाईंचं, मला सांगता येणार नाही.

पाऊस ओसरल्यावर आधी वरची पायरी कोरडी झाली, मग खालची, मग वाळ्याची पाती वर आली. लेक बराच वेळ बघत उभी होती. मग ती आत गेली आणि सुटकेसमधले कपडे परत कपाटात लावू लागली. मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तेव्हा नवरा गॅलरीच्या कडेला उभा होता आणि गल्लीतल्या कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, "मुरलं." मी स्टुलाकडे पाहिलं. त्याने मला हाक मारली नव्हती. स्टूल रिकामं होतं आणि चपला त्याच्या पायात होत्या.